मीठ घातलं म्हणून समुद्र होत नाही

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. ज्यांना लोकलमध्ये हेडफोन सापडत नाहीत किंवा जे मला "तू फार भरभर बोलतोस" असं कळवतात, त्यांच्यासाठी खास. ऑडिओ ऐकणाऱ्यांना मागे एक बारीक घुर्रर्र आवाज येत असेल. तो माइकचा दोष नाही. माझ्या टेबलाशेजारी एक काचेची टाकी आहे, तिच्या पंपाचा तो आवाज आहे, आणि आजचा विषय तीच टाकी आहे. खाऱ्या पाण्याची, जिवंत कोरलची. इंग्रजीत रीफ टँक म्हणतात, आपणही टँकच म्हणू.

गोष्ट मालवणपासून सुरू होते. मी चौथीत होतो. मे महिन्यात आजोळी गेलो की ओहोटीला खडकांतली डबकी धुंडाळणं हा आम्हा भावंडांचा पूर्णवेळ उद्योग. एकदा बोटभर लांबीचा, करड्या ठिपक्यांचा एक मासा मी ओंजळीत पकडला आणि घरी आणला. बादलीत विहिरीचं पाणी भरलं. मासा समुद्रातला, म्हणून स्वयंपाकघरातून दोन मोठे चमचे मीठ आणून त्यात ढवळलं. (डोकं बघा! इंजिनिअर होणार हे तेव्हाच ठरलं होतं.) संध्याकाळी मासा तळाशी आडवा. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आजी विहिरीपाशी भांडी घासत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मीठ घातलंस म्हणान तेचो दर्यो होतलो काय रे?"

या प्रश्नाचं नीट उत्तर मला पंधरा-सोळा वर्षांनी बर्लिनमध्ये मिळालं.

बी.टेक. झालं, पुण्यात दोन वर्षं नोकरी झाली, मग इकडे आलो. इथल्या पहिल्या डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार व्हायला लागला तेव्हा मी थोडा बिघडलोच. ऑफिस, खोली, लॅपटॉप, परत ऑफिस. ते बघून एक सहकारी म्हणाला, माझ्या काकांच्या क्लबात चल, तिथे उजेड असतो. मला वाटलं टेनिसचा क्लब असेल. एका खानावळीच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसली होती, बहुतेक साठीच्या पुढची. समोर बिअर आणि बिअरच्या शेजारी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत पाणी. प्रत्येक डब्यात करंगळीच्या पेराएवढा कोरलचा तुकडा. म्हातारे तो डबा दिव्याकडे धरून आपल्याकडे लग्नात साडीचा पोत बघतात तसे बघत होते.

तिथल्या दोघांबद्दल मी आज बोलणार आहे. एक आजोबा, ज्यांनी पहिला खारा टँक सत्तरच्या दशकात लावला. दुसऱ्या केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दोघांची नावं सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. या दोघांना एकत्र बसवलं की जुन्या आठवणी निघतात, आणि त्या आठवणींत मेलेल्या माशांची संख्या ऐकून आपण घाबरतो. आजोबा सरळ सांगतात, "पहिली दहा वर्षं आम्ही मासे पाळत नव्हतो. मासे किती दिवसांत मरतात ते मोजत होतो."

तर आधी माझ्या बादलीचं पोस्टमॉर्टेम करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझ्या दहा लिटरच्या बादलीला साडेतीनशे ग्रॅम लागले असते, मी घातले फार तर तीस-चाळीस. माशाच्या दृष्टीने ते जवळजवळ गोडं पाणीच. समुद्री माशाच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्यामुळे त्याच्या अंगातून पाणी सारखं बाहेर जात असतं, आणि तो सतत समुद्राचं पाणी पिऊन, जास्तीचं मीठ बाहेर टाकून तोल सांभाळतो. मी अचानक उलटा प्रकार केला. आता पाणी त्याच्या अंगात घुसायला लागलं. पण समजा, मी साडेतीनशे ग्रॅम मोजून घातले असते, तरी मासा वाचला नसता. कारण घरातलं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याच्यासोबत मॅग्नेशियम असतं, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बारीकसारीक बरंच काही.

आणि हे सगळं जमवलं असतं तरी एक गोष्ट राहिलीच असती. मासा त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. समुद्र अफाट आहे, तिथे ते विरून जातं. बादलीत ते साठतं आणि मासा स्वतःच्याच कचऱ्यात गुदमरतो. क्लबातल्या म्हाताऱ्यांची पहिली दहा वर्षं या एका वाक्यात गेली.

आजोबा त्या काळचं वर्णन करतात ते ऐकण्यासारखं आहे. टँकच्या तळाला प्लास्टिकची जाळी, वर खडी, हवेच्या नळीच्या जोरावर पाणी खडीतून खाली ओढायचं. आणि शोभेला मेलेल्या कोरलचे पांढरेशुभ्र सांगाडे. त्यांच्यावर हिरवा थर चढला की बाहेर काढायचे, ब्लीचमध्ये बुडवायचे, धुऊन परत लावायचे. "स्वच्छ दिसायचं," आजोबा म्हणतात. "हॉस्पिटलसारखं. आणि हॉस्पिटलसारखीच माणसं, म्हणजे मासे, आत यायचे ते परत जायचे नाहीत." ब्लीचने ते काय मारत होते? तर नेमके तेच जिवाणू, जे माशाला जगवतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू खडीवर, दगडावर, काचेवर वस्ती करतात, पण वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये मासा सोडायचा नाही. बस एवढंच. पण दुकानातून टँक आणला की माणसाला त्याच संध्याकाळी मासे हवे असतात.

गंमत म्हणजे उत्तर १९६१ मध्येच छापून आलं होतं. जकार्तामध्ये ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते. त्यांनी 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली: समुद्राचं पाणी, उन्हाचा उजेड, थोडे हवेचे बुडबुडे आणि रीफवरचे दगड, त्यांच्यावरच्या जिवांसकट. फिल्टर नाही. बाकी जग खडी आणि ब्लीच करत राहिलं. का? तर जकार्तात समुद्र दारात होता, जर्मनीत नव्हता, म्हणून लोकांना वाटलं हे आपल्या कामाचं नाही. बाई यावर दर वेळी चिडतात. म्हणतात, "उत्तर छापलेलं होतं, आम्ही फक्त ते गरीब देशातून आलंय म्हणून वाचलं नाही." हे त्यांचं मत. मला ते पटतं.

त्या दगडाला लाइव्ह रॉक म्हणतात. दगड जिवंत नसतो, पण तो सच्छिद्र असतो. त्याच्या पृष्ठभागावर अमोनिया खाणारे जिवाणू राहतात आणि आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे वेगळे जिवाणू राहतात. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, तो बुडबुड्यांनी निघून जातो. म्हणजे कचरा टँकच्या बाहेर. जगातल्या कुठल्याही फिल्टरपेक्षा चांगला फिल्टर आणि त्याला प्लग नाही.

ऐंशीच्या दशकात असे दगड विमानाने यायला लागले. त्या काळच्या आठवणी निघाल्या की क्लबात सगळे एकदम बोलायला लागतात. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड, खोक्यातून येणारा भरतीओहोटीचा वास. (तो वास मी लगेच ओळखला. मालवण!) दगड टँकमध्ये ठेवल्यावर आठवड्याने त्यातून कोण बाहेर येईल याची खात्री नाही. शेवंडीच्या भावकीतला एखादा, फुलासारखा एखादा किडा, स्पंज. आजोबांच्या टँकमधून रात्री टक्... टक्... असा आवाज यायचा. त्यांना वाटलं काच तडकतेय. पहाटे तीनला टॉर्च घेऊन दोन तास बसल्यावर कळलं की दगडाच्या भोकात पिस्तूल कोळंबी आहे, तिने नांगी मिटली की आवाज येतो. बायको म्हणाली, "ती तरी जाईल नाहीतर मी." कोळंबी सहा वर्षं राहिली. बायकोही राहिली, घाबरू नका.

आता या सगळ्यात बर्लिन कुठे येतं? तर रीफ टँकच्या एका पद्धतीचं नावच 'बर्लिन पद्धत' आहे, आणि ती कुठल्या विद्यापीठात जन्मली नाही, तर घराघरांतल्या छंदवाल्यांनी बसवली. तिच्यात चारच गोष्टी: भरपूर लाइव्ह रॉक, जोरदार उजेड, स्किमर आणि चुना. हो, चुना. त्यावर येतोच, आधी स्किमर.

गुऱ्हाळावर कधी गेला असाल तर काहिलीत रस उकळताना वर येणारी मळी आठवा. गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो, नाहीतर गूळ काळा पडतो. स्किमर तेच काम उकळल्याशिवाय करतो. एका उभ्या नळकांड्यात हजारो बारीक बुडबुडे सोडायचे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं यातून सुटणारे प्रोटीनसारखे पदार्थ बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि वरच्या वाटीत जमतात. ती वाटी आठवड्यातून दोनदा धुवावी लागते. वासाबद्दल मी फक्त एवढंच सांगतो की माझ्या शेजाऱ्याने एकदा गॅस कंपनीला फोन केला होता.

आणि आता चुना. कोरल हा प्राणी आहे, झाड नाही. हजारो छोटे पॉलिप एका वसाहतीत राहतात आणि पाण्यातला कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन खाली दगडी सांगाडा बांधत राहतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतो. बंद टँकमध्ये कोरल तो वापरून संपवतात. मग परत कसा भरायचा? स्विस लेखक पेटर विल्केन्स यांनी सत्तरच्या दशकात सांगितलं: काल्कवासर वापरा. क्लबात मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाईंनी मला फळ्यावर समीकरण काढून दाखवलं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी थेंब थेंब टँकमध्ये सोडायचं.

मी दोन सेकंद बघत राहिलो आणि मराठीत ओरडलो, "अहो, ही तर चुन्याची निवळी!"

आमच्या आजीच्या घरात निवळीची बाटली कायम असायची. पानाचा चुना, त्यात पाणी, वर साचलेली निवळी. लहान मुलांच्या पोटाला देतात ती. जगातल्या सगळ्यात नाजूक कोरलचं टॉनिक आजीच्या फडताळात होतं. यात युक्ती अशी की चुन्याचं पाणी हवेतल्या आणि टँकमधल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळतं आणि त्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट अशा दोन्ही गोष्टी कोरलला हव्या त्याच प्रमाणात मिळतात. शिवाय दुसरं काहीच जास्तीचं साठत नाही. पण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती रात्री आणि थेंबाथेंबानेच द्यायची. रात्रीच का? तर रात्री उजेड नसतो, प्रकाशसंश्लेषण थांबतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो. निवळी तो वर खेचते. जुन्या काळी यासाठी लोक दवाखान्यातली सलाइनची नळी वापरायचे. तिचं चाक फिरवलं की सेकंदाला एक थेंब. आजोबा एकदा झोपेत चाक सगळं उघडं ठेवून गेले. सकाळी टँक दुधासारखा पांढरा आणि सगळं संपलेलं. त्यांनी हे सांगितलं तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही. प्रत्येकाकडे अशी एक सकाळ आहे.

उजेडाचं लवकर सांगतो. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि भाड्यापोटी बहुतेक सगळी घरमालकाला देतं. कोरलचा तपकिरी रंग त्याच शैवालाचा. पाणी जास्त दिवस गरम राहिलं की हे भाडेकरू बाहेर पडतात, खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो, आणि त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त, तोही काही आठवडे, एवढं पुरतं. म्हणून उजेड हवा पण उष्णता नको. जुने मेटल हॅलाइडचे दिवे ४०० वॅटपर्यंतचे, उजेडासोबत पाणीही तापवायचे. उन्हाळ्यात लोक बाटल्यांत बर्फ करून टँकमध्ये तरंगवायचे. आता एलईडी आहेत, मोबाइलवरून सूर्योदय-सूर्यास्त लावता येतो. म्हातारे याला नाकं मुरडतात आणि घरी जाऊन तेच वापरतात.

हे सगळं ऐकून मी काय केलं असेल? १२० लिटरचा टँक घेतला. सहा महिने नुसत्या दगडांकडे बघत बसलो. मग आजोबांनी मला अॅक्रोपोरा जातीचा, फांद्यांचा, हिरवट एक तुकडा दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "हा वाढला की दोघांना द्यायचा. विकायचा नाही." या क्लबातली ही रीत जुनी आहे. बर्लिनचेच डीट्रिश श्ट्यूबर यांनी आपल्या टँकमधली अॅक्रोपोरा तोडून तोडून इतक्या लोकांना वाटली की तिची पिल्लावळ जर्मनीभर आणि पुढे अमेरिकेपर्यंत पोचली. रीफवाल्यांच्या जगात ती कोरल त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एका घरात मेली तरी दहा घरांत जिवंत. आपल्या भाषेत, रेप्लिकेशन.

दीड वर्षात माझा तुकडा मुठीएवढा झाला. त्या हिवाळ्यात बाईंनी एक फांदी मागितली. मला द्यायची नव्हती, खरं सांगतो. आकार छान आला होता, फोटो चांगले यायचे. मी दोन महिने टाळाटाळ केली. शेवटी त्या स्वतः कटर घेऊन घरी आल्या, तीन सेंटिमीटरची फांदी कापली, चहा घेतला आणि गेल्या. मी रात्रभर त्या तुटक्या टोकाकडे बघत होतो.

आणि आता माझी सकाळ.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे टँकवर माझा कोड चालायचा. एका छोट्या बोर्डाला तापमानाचा सेन्सर जोडलेला. २५.५ च्या खाली गेलं की हीटर चालू, वर गेलं की बंद. मोबाइलवर ग्राफ. सेन्सर कधीकधी उत्तर द्यायचा नाही, तेव्हा प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून मी एक ओळ लिहिली होती: उत्तर नाही आलं तर शेवटचं चांगलं रीडिंग वापर. कोड लिहिणाऱ्या मंडळींनी इथेच कपाळावर हात मारला असेल.

मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला पुण्याला आलो. हळदीच्या दिवशी मी मावशीला मोबाइलवर ग्राफ दाखवला. "बघ, सहा हजार किलोमीटरवरून मी समुद्र सांभाळतोय." ग्राफवर २५.३. दुसऱ्या दिवशी २५.३. तिसऱ्या दिवशीही २५.३, पट्टीने आखल्यासारखी सरळ रेष. मला ती रेष बघून अभिमान वाटत होता. खरं पाणी कधीच सरळ रेषेत राहत नाही. दिवसा थोडं वर, रात्री थोडं खाली, ते सतत हलतं. सेन्सरची वायर पहिल्याच दिवशी निसटली होती. शेवटचं चांगलं रीडिंग २५.३, ते २५.५ पेक्षा कमी, म्हणून कोडने हीटर चालू ठेवला. दोनशे वॅटचा हीटर, अडीच दिवस.

ज्याच्याकडे किल्ली होती त्या मित्राचा फोन आला तेव्हा इकडे लग्नाच्या पंगती चालू होत्या. म्हणाला, "पाण्याला वास येतोय." थर्मामीटर बुडवायला सांगितला. ३४ अंश. दोन क्लाउनफिश, चार जातींचे कोरल, ती अॅक्रोपोरा, सगळं गेलं. एक हर्मिट खेकडा उरला. मी हातात जिलबीची प्लेट घेऊन कार्यालयाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो. मावशी शोधत आली आणि तिला वाटलं मी बहिणीच्या पाठवणीला रडतोय. मी नाही म्हटलं नाही.

परत आल्यावर क्लबात जायची लाज वाटत होती. हे मेले ते नुसते शोभेचे नव्हते ना. माणसांनी हातोहात इतकी वर्षं जपलेली एक गोष्ट माझ्याकडे आली होती आणि मी ती शिजवली. तिसऱ्या महिन्यात गेलो. मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल. आजोबांनी फक्त विचारलं, "कोडमधली ती ओळ काढलीस?" मी हो म्हटलं. आता उत्तर नाही आलं की हीटर आधी बंद होतो, आणि हीटरच्या वायरवर एक वेगळा साधा थर्मोस्टॅट आहे, ज्यात माझा एकही शब्द नाही.

मग बाईंनी पिशवीतून डबा काढला. त्यात अॅक्रोपोराचा हिरवट तुकडा. माझ्याच फांदीची फांदी.

या माणसांना मी साधू करून दाखवणार नाही, त्यांनाही ते चालणार नाही. त्या रात्री आजोबा जे बोलले तेही सांगतो. त्यांच्या तरुणपणी फिलिपिन्सहून येणारे कित्येक मासे सायनाइड वापरून पकडलेले असायचे. दगडाच्या फटीत विषाची फवारणी, मासा गुंगीत बाहेर. दुकानात सुंदर दिसायचा, दोन-तीन आठवड्यांत मरायचा. त्या फवाऱ्यात आजूबाजूचं कोरलही मरायचं. "आम्हाला वाटायचं आपलंच पाणी चुकतंय. मग कळलं. कळल्यावरही काही वर्षं घेत राहिलो." आज क्लाउनफिश सर्रास टँकमध्येच पैदास केलेले मिळतात. पिवळा टँग हा मासा २०१५ मध्ये हवाईमधल्या संशोधकांनी पहिल्यांदा बंदिस्त जागेत वाढवून दाखवला. २०१८ मध्ये इंडोनेशियाने कोरलची निर्यात काही काळ थांबवली तेव्हा दुकानं ओस पडली, पण क्लबातले डबे चालूच राहिले, कारण ते तुकडे समुद्रातून येतच नव्हते.

आणि हे डब्यांचं प्रकरण आता छंदापुरतं राहिलेलं नाही. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला एका उथळ खाडीत पाण्याचं तापमान ३८.४ अंश नोंदलं गेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधले कोरल घाईघाईने उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणले. त्याआधी २०१४ पासून तिथे कोरलची एक साथ पसरली होती, तेव्हाही निरोगी कोरल काढून अमेरिकेतल्या निरनिराळ्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत सांभाळायला दिले गेले. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये कृत्रिम चंद्र, म्हणजे मंद एलईडी, आणि ऋतूंप्रमाणे बदलणारं तापमान लावून टँकमध्ये कोरलचं प्रजनन घडवलं. २०१९ मध्ये त्यांच्याच मदतीने फ्लोरिडा अॅक्वेरियममध्ये पिलर कोरलने प्रयोगशाळेत अंडी सोडली. ब्लीच, मळी, चुना, सलाइनची नळी या सगळ्या भानगडींतून कमावलेली अक्कल अशी तिथे उपयोगाला आली. बाईंना हे सांगितलं की त्या म्हणतात, "टँक म्हणजे समुद्र नव्हे." मी म्हणतो, बॅकअप म्हणजे सर्व्हर नव्हे, पण सर्व्हर गेला की...! यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

हे ऐकून कुणी उद्या मालवणला जाऊन दगड उचलणार असेल, तर थांबा. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तोडणं, घरी आणणं, विकणं, गुन्हा आहे. मेलेला सांगाडासुद्धा नाही. आणि आपल्याकडे आहेत बरं का प्रवाळ! मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राखाली आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. मुंबईत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ कोस्टल रोडच्या कामासाठी उचलून दुसरीकडे लावावे लागले. ओहोटीला जा, वाकून बघा, फोटो काढा. ओंजळ रिकामी ठेवून परत या. मी चौथीत जे केलं ते करू नका.

परवा आजीला व्हिडिओ कॉल केला आणि टँक दाखवला. निळा उजेड, दगड, त्यावर चार सेंटिमीटरची हिरवी काडी. तिला चुन्याच्या निवळीची बाटलीही दाखवली, त्यावर ती खूश झाली. मग बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ता सगळा बरा. पण मासो खंय?"

मासा अजून नाही, आजी. पाणी बसतंय. या वेळी मी घाई करणार नाहीये.

चला, एलईडीचा सूर्यास्त झाला, पाच मिनिटांत खोलीत अंधार होईल. भेटू पुढच्या आठवड्यात.